वक्त्यांच्या महाराष्ट्रा, जरा गप्प बैस!

सकाळी सहा वाजता राज्यातल्या कोणत्याही मोठ्या बागेत जा. वीस-पंचवीस ज्येष्ठ नागरिक हात वर करून खदाखदा हसताना दिसतील. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईत सुरू केलेला हास्यक्लब आज तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे. पुण्यात व्यसनमुक्तीसाठी १९८६ पासून मुक्तांगण आहे, कंपवाताच्या रुग्णांसाठी पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन आहे. भजनाला मंडळ, भिशीला मंडळ, दहीहंडीला तर गल्लीगणिक दोन मंडळे. चार समदुःखी एकत्र बसले की ओझे हलके होते, हे या राज्याला कोणी शिकवायची गरज नाही. मग बोलताना अडखळणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाने जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीशी जाऊन 'माझ्यासारख्यांचा एखादा वर्ग, एखादा गट इथे भरतो का,' असे विचारले तर त्याच्या वाट्याला काय येते? 'लहानपणी का नाही आलात?' हा उलटा सवाल. किंवा कान-नाक-घसा विभागाची चिठ्ठी. किंवा, वाक्य पुरे व्हायच्या आतच, खिडकीमागचे हसू. या हसण्याला मात्र क्लब लागत नाही. ते सर्वत्र, फुकट आणि बारमाही उपलब्ध आहे.

आम्ही विचारतो, ही कसली वाचाळ संस्कृती? न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो ऐकणाऱ्यांसाठी, असा आमचा समज आहे. दीडशे वर्षांत आपण त्यातले बोलणे तेवढे उचलले. शाळेत वक्तृत्व स्पर्धा, कॉलेजात वादविवाद, लग्नात भाषण, निवृत्तीला भाषण, दहाव्यालाही भाषण. घडाघडा बोलेल तो हुशार, न थांबता बोलेल तो विद्वान, दुसऱ्याला बोलू देणार नाही तो पुढारी. आणि एका शब्दावर जो तीन सेकंद अडला तो बावळट, भित्रा, नाही तर खोटारडा! पोलीस चौकीत अडला तर 'काहीतरी लपवतोय'. नोकरीच्या मुलाखतीत अडला तर 'आत्मविश्वास कमी'. मुलगी बघायला गेला आणि स्वतःचे नाव सांगताना अडला तर 'स्थळात खोट'. तीन सेकंद! विधिमंडळात एवढ्या वेळात फार तर एक कागद फाडून होतो.

हे लोक आहेत तरी किती? जगभरच्या अभ्यासकांनी धरलेले ढोबळ प्रमाण असे, की शंभरातली पाचेक मुले कधी ना कधी अडखळू लागतात, त्यांतली बहुतेक पुढे आपोआप मोकळी होतात आणि मोठेपणी शंभरांत एक जण उरतो. चार पुरुषांमागे एक बाई. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता. त्यातले सात कोटी प्रौढ धरले तरी सात लाख माणसे झाली. अमरावती शहराची त्या वेळची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत होती. अख्ख्या अमरावतीहून मोठी वस्ती या राज्यात अडखळते आहे आणि सरकारला तिचा पत्ता नाही! पत्ता नाही, कारण मोजण्याची इच्छाच नव्हती. बोलणे समजण्याजोगे असेल तर अडखळणाऱ्याला वाणीच्या अपंगत्वात धरू नये, अशी लेखी सूचना २००१ च्या जनगणनेत प्रगणकांना होती. समजले ना? मग मिटले! ते एक वाक्य तोंडाबाहेर काढायला बोलणाऱ्याला काय किंमत पडली, याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नाही.

ती किंमत आम्ही सांगतो. विक्रोळीला उतरायचे असून 'व' निघणार नाही या धास्तीने ठाण्याचे तिकीट काढणारा माणूस दररोज जास्तीचे पैसे भरतो, आणि त्याला फुकट्या म्हणायलाही कोणी मोकळे नाही. हॉटेलात मिसळ खायची असते, तो वडा मागवतो. फोन वाजला की तो न्हाणीघरात शिरतो. बढती मिळत असते. पण बढतीबरोबर दर सोमवारी साहेबांपुढे उभे राहून बोलणे येणार म्हणून तो ती नाकारतो, आणि घरी सांगतो की बदलीची भीती होती. शब्द बदलण्यात हे लोक इतके तरबेज होतात की काहींच्या बायकोला लग्नानंतर कित्येक वर्षे नवरा अडखळतो हेच ठाऊक नसते. तिला तो फक्त अबोल वाटतो. अडचण एकाच ठिकाणी होते. स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो. जोसेफ शीहान हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्वतः अडखळत असत. त्यांनी या अवस्थेला हिमनग म्हटले होते: कानाला ऐकू येते ती वरची टोके, आणि पाण्याखाली लाज, भीती, टाळाटाळ, अपराधीपण. आमचा सगळा समाज त्या वरच्या टोकांवर कानस मारत बसला आहे.

बायकांची गोष्ट तर याहून भयंकर. संख्येने त्या थोड्या, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाहीत. आणि मुलीने गप्प बसणे हा आमच्याकडे दोष नव्हे, दागिना! 'मुलगी फार शांत आहे हो,' असे कौतुकाने सांगणाऱ्या आयांना त्या शांततेमागे काय चालले आहे हे पुष्कळदा माहीत असते. पोहे देताना कमी बोल, विचारले तेवढेच सांग, अशी ताकीद देऊन तिला पाटावर बसवतात. अडखळणे लपवायला बाईपण कामी येते. हा संस्कार नव्हे, मुस्कटदाबी आहे.

आणि एवढे सगळे कशासाठी? ज्यात त्याचा किंवा तिचा काडीचा दोष नाही, अशा गोष्टीसाठी! अडखळणे घाबरटपणामुळे येत नाही, दुसऱ्याची नक्कल केल्याने जडत नाही, आईबापांच्या वागण्याने उगवत नाही. बोलण्याची जुळवाजुळव करणाऱ्या मेंदूच्या भागांमधले फरक आणि काही अंशी आनुवंशिकता यांत त्याचे मूळ आहे, इतके शास्त्राने सांगून झाले आहे. तरीही गुरुजींचा निकाल ठरलेला: 'मुद्दाम करतो.' का? तर प्रार्थनेच्या वेळी पोरगा सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा खणखणीत म्हणतो, पाढे सुरात म्हणतो, गॅदरिंगला गाणे म्हणतो, आणि हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणताना त्याचा जबडा आवळतो. अहो गुरुजी, समूहात सूर मिळवून बोलताना, गाताना, एकट्याने स्वतःशी बोलताना बहुतेकांचे अडखळणे नाहीसे होते. हे या अवस्थेचे लक्षणच आहे, लबाडी नव्हे. वारीत दिंडीबरोबर तीन आठवडे अखंड अभंग म्हणणारा वारकरी घरी परतून किराणा दुकानात साखर मागताना अडू शकतो. यात चमत्कार नाही. जिथे उत्तर देण्याची जबाबदारी एकट्यावर येते आणि समोर निकाल देणारा डोळा असतो, तिथे गाठ आवळते.

निकाल देणाऱ्या त्या डोळ्याची ताकद अमेरिकेने फार क्रूरपणे तपासून पाहिली आहे. १९३९ साली आयोवा विद्यापीठातल्या वेंडेल जॉन्सन यांच्या देखरेखीखाली अनाथाश्रमातल्या बावीस मुलांवर प्रयोग झाला. त्यातल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना 'तुमचे बोलणे बिघडत चालले आहे' असे पुन्हापुन्हा सांगण्यात आले. ती मुले बोलायलाच कचरू लागली. विद्यापीठाला त्याची माफी मागायला २००१ साल उजाडावे लागले. आमच्याकडे हाच प्रयोग घरोघर, वर्गोवर्ग, विनापरवाना चालू आहे. माफी कोण मागणार?

उपायांची तर जत्राच. वेखंड उगाळून जिभेला लावा, पोपटाचे उष्टे खायला घाला, शंखातले पाणी पाजा, तोंडात गोटी धरून बोला. हे केवळ आमचेच अडाणीपण नव्हे. बर्लिनचा नामांकित शल्यवैद्य डीफेनबाख १८४१ साली अडखळणाऱ्यांच्या जिभेच्या मुळाशी पाचर कापून काढत होता, तीही भूल न देता. पण वेखंड निदान स्वस्त असते. आजचे भोंदू महाग आहेत. भिंतीवर, रिक्षाच्या पाठीवर, मोबाइलच्या पडद्यावर त्यांची हमी झळकते: 'तोतरेपणा कायमचा बंद, शंभर टक्के ग्यारंटी.' शिबिरात माणसाला एका लयीत, सूर लावून, यंत्रासारखे बोलायला लावतात. शेवटच्या दिवशी तो न अडता भाषण करतो, त्याचा व्हिडिओ काढून घेतात. घरी आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत गाठ परत आवळते. मग तो स्वतःलाच दोष देतो: माझाच सराव कमी पडला. तक्रार करत नाही, कारण तक्रार करायला ग्राहक आयोगापुढे उभे राहून बोलावे लागेल, आणि दुकानदाराला हे पक्के ठाऊक असते! औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांची 'जे' अनुसूची उघडून पाहा. जे आजार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करता कामा नये त्यांच्या यादीत टक्कल आहे, अकाली पिकणारे केस आहेत आणि अडखळणेही आहे. अन्न व औषध प्रशासनाने या यादीची शेवटची आठवण कधी काढली होती?

आता सरकारच्या दारात येऊ. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. वाणी व भाषेचे अपंगत्व त्यात आहे. पण व्याख्या स्वरयंत्र काढून टाकलेल्या किंवा मेंदूच्या आघाताने वाचा गेलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केलेली. नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणाचे ३४ वे कलम काढा, तर तिथे वाणीचे नावच नाही. अडखळणाऱ्यांपैकी पुष्कळांना अपंगत्वाचे प्रमाणपत्र नकोच असते, आणि तो त्यांचा प्रश्न. त्यांच्या वतीने आम्ही ते मागणारही नाही. पण ज्याचे अडखळणे इतके तीव्र आहे की तोंडी परीक्षेत त्याचे वर्ष जाते, त्याला मुलाखतीत पाच मिनिटे जास्त मिळावीत की नाहीत, हे मंडळाच्या अध्यक्षाच्या त्या दिवशीच्या लहरीवर सोडायचे?

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाला. शून्य ते अठरा वर्षे वयाच्या मुलांची तपासणी, निदान, उपचार. योजना उत्तम. पण अठरा पूर्ण झाले की? मताचा अधिकार हातात येतो त्याच दिवशी बोलण्याचा आधार सुटतो. वांद्र्याला १९८३ पासून वाणी आणि श्रवणासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयात वाणीतज्ज्ञ तयार करणारी शाळा आहे, पुण्यात भारती विद्यापीठाची आहे. तिथल्या तज्ज्ञांच्या ज्ञानाबद्दल आम्हाला शंका नाही. पण हिंगोलीच्या कंडक्टरने, गडचिरोलीच्या शिक्षिकेने आठवड्याला एकदा, कामाच्या दिवशी, ओपीडीच्या वेळेत मुंबई-पुणे गाठायचे कसे? आणि गाठलेच, तरी तिथे काय मिळते? एक टेबल, दोन खुर्च्या, समोर समजूतदार तज्ज्ञ. त्या खोलीत तो छान बोलतो. अडतो तो खोलीबाहेर.

म्हणूनच आमचे म्हणणे आहे की प्रौढांना गटच हवा. लंडनच्या सिटी लिट या प्रौढशिक्षण संस्थेकडे पाहा. १९१९ साली स्थापन झालेली ही संस्था पहिल्या महायुद्धात बहिऱ्या झालेल्या सैनिकांना ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखायला शिकवत असे. अडखळणाऱ्या प्रौढांसाठी तिथे कित्येक वर्षे गटाने अभ्यासक्रम चालतात. नोकरदारांना जमावे म्हणून संध्याकाळचे, सलग काही दिवसांचे. ज्यांनी आपले अडखळणे जगापासून पुरते लपवले आहे त्यांच्यासाठी वेगळे वर्गही तिथे झाले आहेत. आणि हे कुठे? रुग्णालयात नव्हे! जिथे शेजारच्या खोलीत कोणी चित्रकला शिकतो, कोणी स्पॅनिश शिकतो, अशा इमारतीत. माणूस तिथे रुग्ण म्हणून नाव नोंदवत नाही, विद्यार्थी म्हणून नोंदवतो.

अशा गटात काय घडते? पहिल्या दिवशी पुष्कळांना आयुष्यात प्रथमच दुसरा अडखळणारा माणूस भेटतो. चाळीस वर्षे 'जगात मी एकटाच' असे समजून जगलेल्याच्या कानावर शेजारच्या खुर्चीतून तोच थबकलेला श्वास, तोच आवळलेला 'प' येतो. मग सुरू होते तपासणी: मी नेमका कुठे अडतो, तेव्हा जीभ कुठे असते, डोळे का मिटतात, मांडीवर हात का आपटतो. चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकी तज्ज्ञांनी, आणि तेही स्वतः अडखळणारेच, ही पद्धत घडवली. अडखळणे दाबायचे नाही, ते सैल करायचे. अडलेला शब्द संपल्यावर क्षणभर थांबून तोच पुन्हा सावकाश उच्चारायचा. पुढे अडत असतानाच ताण सोडून बाहेर यायचे. त्याहून पुढे शब्दाच्या आधीच जबडा ढिला ठेवायचा. आणि सगळ्यांत धाडसाचा भाग म्हणजे मुद्दाम अडखळणे! तिघे-चौघे मिळून बाजारात जायचे, तुळशीबागेत म्हणा, दादरच्या फुलबाजारात म्हणा, आणि दुकानदाराच्या डोळ्यांत पाहत जाणूनबुजून अडखळत भाव विचारायचा. सोबतच्यांनी बाजूला उभे राहून दुकानदाराचा चेहरा पाहायचा. दहातल्या आठ दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या अडखळण्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या पाकिटात जास्त रस असतो, हा शोध ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी लागतो त्याची निम्मी भीती तिथेच उतरते. हसणारे दोघे असतात. त्या दोघांना काय उत्तर द्यायचे याचीही तालीम गटात होते. एकट्याने, आरशापुढे, हे कधी होईल?

भारतात हा विचार अगदीच नवा नाही. डेहराडूनकडचे डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव यांनी २००८ च्या सुमारास 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' उभी केली. 'बरे करण्या'ची दुकानदारी नाकारून, अडखळणाऱ्यांनीच अडखळणाऱ्यांसाठी चालवलेले स्वमदत गट तिने शहराशहरांत जुळवले. मुंबई-पुण्यातही असे लोक जमत आले आहेत. फी नाही, हमी नाही, आणि प्रत्येकाला आपले वाक्य आपणच संपवायचे स्वातंत्र्य. पण हे सगळे चालते कोणाच्या बळावर? रविवारची सुट्टी मोडून येणाऱ्या चार स्वयंसेवकांच्या. कोणाची बदली झाली, कोणाचे लग्न झाले, की गट थंड पडतो. बाग फिरायच्या वेळेबाहेर बंद असते, हॉटेलवाला दोन चहांवर दोन तास बसू देत नाही, आणि व्यवहार बहुतेक हिंदी-इंग्रजीत. मराठीत विचार करणाऱ्या, मराठीतच अडखळणाऱ्या माणसाने मन उघडायचे ते परक्या भाषेत?

शहाणे लोक लगेच शंका काढतील: अडखळणारे एकत्र बसवले तर ते एकमेकांचे पाहून जास्त अडखळणार नाहीत का? 'नक्कल केल्याने जडते' हीच ती समजूत, सुशिक्षितांच्या पोशाखात. दुसरे म्हणतील, आंधळ्याने आंधळ्याला काय वाट दाखवायची! दारू सोडलेला माणूसच दारुड्याला वाट दाखवतो, हे मुक्तांगणने या महाराष्ट्रात दाखवून दिल्यावरही हा प्रश्न उरतो, याला काय म्हणावे? तज्ज्ञ नकोत असे आम्ही म्हणत नाही. अभ्यासक्रम तज्ज्ञाने चालवावा आणि तो संपल्यावर गटाने स्वतःच्या पायांवर चालू राहावे, या दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून लुळ्या आहेत. तिसरे आहेत आमचे सिनेमावाले. २०१० च्या 'गोलमाल ३' मध्ये आमच्याच श्रेयस तळपदे यांच्या तोंडी अडखळणे घालून थिएटरे हसवली गेली. त्यानंतरच्या सोमवारी किती वर्गांत, किती कचेऱ्यांत त्याची नक्कल झाली असेल याचा हिशेब निर्मात्याच्या गल्ल्यात मांडलेला नाही. हृतिक रोशनसारखा नट आपल्या अडखळण्याबद्दल उघड बोलतो तेव्हा टाळ्या वाजवणारे हात तेच. फक्त नट नसलेल्याला ते टाळीच्या जागी टपली देतात.

तेव्हा मागणी साधी आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाने प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून दोनदा तरी अडखळणाऱ्या प्रौढांसाठी मराठीतून, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, गटाने चालणारा अभ्यासक्रम घ्यावा. त्यासाठी नवे मंडळ नको, नवा महासंचालक नको, उद्घाटनाला मंत्री तर अजिबात नको; त्यांचे भाषण लांबेल. वाणीतज्ज्ञ घडवणाऱ्या संस्थांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना या वर्गांवर पाठवावे, म्हणजे त्यांनाही पुस्तकाबाहेरचा माणूस दिसेल. लोकसेवा आयोगाने आणि बँकांनी मुलाखतीच्या पत्रात एक ओळ घालावी: बोलायला जास्त वेळ लागत असेल तर कळवा, तो दिला जाईल. अन्न व औषध प्रशासनाने 'शंभर टक्के ग्यारंटी'च्या फलकांपैकी पहिला फलक येत्या २२ ऑक्टोबरच्या आत उतरवावा. अडखळण्याविषयी जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस तो आहे, आणि भाषणांऐवजी काही घडले तर बिघडणार नाही.

सरकार हलेपर्यंत थांबायचे का? मुळीच नाही. गट सुरू करायला तीन माणसे, एक खोली आणि दर रविवारचे दोन तास पुरतात. या राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. जनतेच्या पैशातून त्यांना अनुदान मिळते, आणि रविवारी दुपारी त्यातल्या बहुतेकांचे वाचनकक्ष कुलूपबंद असतात. किल्ली कोणाकडे असते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. अडखळणाऱ्या बंधूंनो, भगिनींनो, तिघे मिळून जा आणि खोली मागा. मागताना अडखळा, हवे तेवढे अडखळा. ऐकून घेणे चिटणीसांचे काम आहे. त्यांनी नकार दिला तर गावाचे आणि ग्रंथालयाचे नाव आम्हाला कळवा. पहिल्या पानावर, ठळक टायपात छापू.